विधेयक शिकवायचं तर आधी दोन मसुदे मुलांच्या हातात द्या

तुम्ही विचारलं आहे की आठवीची मुलं विधेयक मंजुरीचे टप्पे, म्हणजे पहिलं वाचन, दुसरं वाचन, तिसरं वाचन, पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पंधरवड्यात विसरून जातात. अभिरूप संसद घ्यावी तर नुसता आरडाओरडा होतो. त्यात एखादा मुलगा उठून विचारतो, "बाई, सगळं आधीच ठरलेलं असतं ना?" या शेवटच्या प्रश्नापाशी तुम्ही खऱ्या अडलात, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. म्हणून उत्तर थोडं लांबवते.

माझी नोकरीची बहुतेक वर्षं माध्यमिक शाळेत नागरिकशास्त्र शिकवण्यात गेली, आणि नंतर शिक्षक प्रशिक्षणातही हाच घटक वारंवार माझ्या वाट्याला आला. त्यावरून सांगते, टप्प्यांचा क्रम हा या पाठाचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी कामाचा भाग आहे. प्रत्येक टप्प्याला मुलांनी दोनच प्रश्न विचारायला शिकावं: इथे मसुद्यातला शब्द कोण बदलू शकतं? आणि इथे विधेयक कोण अडवू शकतं? हे दोन प्रश्न हाताशी असले की तक्ता पाठ करावा लागत नाही, मुलं तो स्वतः उभा करतात.

त्यासाठी एकच खरं विधेयक घ्या आणि शेवटपर्यंत तेच धरून ठेवा. मी माहितीच्या अधिकाराचं घेते. कायदा छोटा आहे, 31 कलमांचा. मुलांच्या घरात कुणी ना कुणी त्याखाली अर्ज केलेला असतो, निदान ऐकलेलं तरी असतं. शिवाय त्याच्या प्रवासात शिकवण्यासारखं जवळजवळ सगळं सापडतं.

सुरुवात संसदेच्या बाहेरून करा. पुस्तकात विधेयक मंत्र्याच्या हातात जन्माला येतं, पण या विधेयकाच्या मागे राजस्थानातल्या मजूर किसान शक्ती संघटनेची काही वर्षं आहेत. रोजगाराच्या कामावरच्या हजेरीपटात कोणाची नावं आहेत, पैसे किती दाखवलेत, हे गावासमोर जाहीर वाचून दाखवणाऱ्या जनसुनावण्या आणि 1996 मध्ये ब्यावरला झालेलं धरणं त्यात येतं. गोव्याने 1997 मध्येच स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. महाराष्ट्राच्या कायद्यासाठी अण्णा हजारे यांनी 2003 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत आझाद मैदानावर उपोषण केलं, आणि राष्ट्रपतींची मंजुरी मिळून तो कायदा तेव्हा मार्गी लागला. मुलांना हे कळलं की "विधेयक कोण मांडतं" या प्रश्नाचं 'मंत्री' हे उत्तर बरोबर असलं तरी अपुरं आहे, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मग त्यांना एक कोडं घालते. संसदेने 2002 मध्ये माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा मंजूर केला, जानेवारी 2003 मध्ये राष्ट्रपतींची सही झाली. या कायद्याखाली किती लोकांनी माहिती मिळवली असेल? वर्गातून हजार, लाख, कोटी असे आकडे येतात. खरं उत्तर आहे, एकानेही नाही. कायदा अमलात कधी येईल ती तारीख सरकारने अधिसूचनेने ठरवायची होती आणि ती अधिसूचना कधी निघालीच नाही. शेवटी 2005 च्या कायद्याच्या 31 व्या कलमाने तो रद्द झाला. राष्ट्रपतींची सही झाली की पाठ संपला, अशी मुलांची समजूत असते, आणि आपलीही बऱ्याचदा असते. हे एक उदाहरण ती कायमची काढून टाकतं. नंतर 2005 च्या कायद्याचं पहिलं कलम वाचायला द्या. तिथे मंत्र्याच्या मर्जीवर काही सोडलेलं नाही: काही कलमं ताबडतोब लागू, बाकीची कायदा झाल्यापासून 120 व्या दिवशी. राष्ट्रपतींची मंजुरी 15 जून 2005 ची. मुलांना कॅलेंडर घेऊन दिवस मोजू द्या. 15 जून हा पहिला दिवस धरला की 120 वा दिवस 12 ऑक्टोबर येतो, आणि कायदा त्याच तारखेपासून पूर्ण लागू झाला. आधीच्या कायद्याचं काय झालं हे माहीत असलेल्या माणसांनीच असं कलम लिहिलेलं असणार, हे आठवीतल्या मुलालाही लगेच दिसतं.

आता मुख्य काम. विधेयक लोकसभेत मांडलं गेलं 23 डिसेंबर 2004 ला. मांडणीच्या वेळी सहसा चर्चा होत नाही, कोणी एक शब्दही बदलू शकत नाही. फार तर मांडायलाच विरोध करता येतो. पुस्तकात याला पहिलं वाचन म्हटलं आहे, पण त्या दिवशी सभागृहात विधेयक कोणी मोठ्याने वाचत नाही, हे आधीच सांगून टाका. पुढे ते कार्मिक, लोकतक्रारी, विधी व न्याय या विभागांच्या स्थायी समितीकडे गेलं. समितीचा अहवाल मार्च 2005 मध्ये आला. 11 मे ला लोकसभेने, 12 मे ला राज्यसभेने विधेयक मंजूर केलं.

तारखा फळ्यावर लिहा आणि मुलांना बघू द्या. कोणीतरी विचारतंच, "एकेका दिवसात? मग एवढा मोठा कायदा वाचला कधी?" हा प्रश्न यावा म्हणूनच तारखा लिहायच्या. डिसेंबर ते मे या काळात मूळ मसुद्यात शंभराहून जास्त दुरुस्त्या झाल्या. सगळ्यात मोठी अशी: मांडलेलं विधेयक केंद्र सरकारच्या अखत्यारीपुरतं होतं. मंजूर झालेल्या कायद्यात राज्य सरकारं आली, त्यांच्याखालची कार्यालयं आली, जिल्हा परिषद आली, ग्रामपंचायत आली. राज्य माहिती आयोगांचं एक अख्खं प्रकरण कायद्यात आहे ते त्यामुळेच.

इथे मुलांच्या दोन-दोनच्या जोड्या करा. एकाच्या हातात मांडलेल्या विधेयकाच्या निवडक पानांच्या झेरॉक्स, दुसऱ्याच्या हातात मंजूर कायद्याची तीच पानं. सगळा मजकूर देऊ नका, तीन-चार पानं पुरतात. मूळ विधेयक इंग्रजी आणि हिंदीत मिळतं. त्यातल्या हव्या त्या वाक्यांचा मराठी अर्थ तुम्ही आधी लिहून काढा. कायद्याचं मराठी रूप सहज मिळतं. आणि मग एकच प्रश्न द्या: "डिसेंबर 2004 च्या मसुद्याप्रमाणे तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीकडे रस्त्याच्या खर्चाची माहिती मागता आली असती का?" जोड्या वाद घालतात, पानं उलटतात, बोट ठेवून वाचतात. हे बोट ठेवून वाचणंच मला हवं असतं. एकदा एका मुलीने सांगितलं, "मसुद्याप्रमाणे नाही, पण महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा होता ना, त्याखाली आली असती." मी सांगितलेलं तिने लक्षात ठेवून बरोबर जागी वापरलं होतं. केंद्र आणि राज्य यांच्या कायद्यांचा संबंध यापेक्षा चांगला कुठे शिकवता येईल?

समितीवर एक पूर्ण तासिका खर्च करा. पुस्तकात तिला एखादं वाक्य मिळतं, आणि ते मला वर्षानुवर्षं खटकत आलं आहे. विभागांशी संबंधित स्थायी समित्या 24 आहेत. प्रत्येकीत 31 सदस्य, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे. सगळ्या मोठ्या पक्षांची माणसं एका टेबलाभोवती बसतात. बैठक बंद दाराआड होते, त्यामुळे कॅमेऱ्यासाठी बोलायचं कारण उरत नाही, आणि तिथे पक्षाचा व्हीप, म्हणजे अमुकच मत द्या असा आदेश, चालत नाही. खात्याच्या सचिवांना बोलावून "हा शब्द इथे का?" असं विचारता येतं. जाहिरात देऊन लोकांची मतं मागवली जातात, म्हणजे तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाची आईसुद्धा लेखी म्हणणं पाठवू शकते. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, हेही सांगायला विसरू नका. पटलं नाही तर सदस्य भिन्नमतपत्रिका जोडतात आणि तीही अहवालात छापली जाते.

आता त्या अवघड प्रश्नाकडे येते: सगळं आधीच ठरलेलं असतं का? मुलाला गप्प करू नका आणि "नाही रे, लोकशाहीत असं नसतं" असंही म्हणू नका. त्याचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. 1985 पासून पक्षांतरबंदी कायदा आहे, व्हीप मोडून मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. त्यामुळे ज्या पक्षाकडे बहुमत आहे त्याचं विधेयक लोकसभेत पडेल, ही शक्यता फारच थोडी. पण मंजूर होणार हे ठरलेलं असणं वेगळं आणि कोणत्या शब्दांत मंजूर होणार हे ठरलेलं असणं वेगळं. माहिती अधिकाराचं विधेयक मंजूर होणार हे डिसेंबर 2004 मध्ये कोणीही सांगितलं असतं. ग्रामपंचायत त्यात येईल हे ठरलेलं नव्हतं. तो बदल होण्यासाठी समिती लागली, बाहेरून सतत रेटा लागला आणि पाच महिने लागले.

म्हणूनच विधेयक समितीकडे जातं की नाही, याकडे मुलांचं लक्ष वेधा. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या मोजणीनुसार पंधराव्या लोकसभेत 71 टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत 16 टक्के. आकडे फळ्यावर लिहा आणि याच कायद्याचं पुढचं उदाहरण जोडा. 2019 मध्ये माहिती अधिकार कायद्यात दुरुस्ती आली. माहिती आयुक्तांची कायद्यात लिहिलेली पाच वर्षांची मुदत काढून, मुदत आणि वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला. राज्यसभेत ते विधेयक त्याच्यापुरत्या नेमलेल्या प्रवर समितीकडे पाठवा, असा प्रस्ताव आला आणि 117 विरुद्ध 75 मतांनी फेटाळला गेला. लोकसभेत 22 जुलै, राज्यसभेत 25 जुलै, संपलं. मुलांना विचारा, 2005 आणि 2019 यांत फरक काय दिसतो. उत्तर तुम्ही देऊ नका. आणि एक काळजी जरूर घ्या: उदाहरणं वेगवेगळ्या पक्षांच्या राजवटीतली निवडा. वर्गात सगळ्या घरांतली मुलं असतात. बाईंचा पक्ष कोणता, याचा अंदाज मुलांना लागला की त्यांचं विधेयकाकडे बघणं थांबतं आणि ती तुमच्याकडे बघू लागतात.

जमलं तर आणखी एक धागा दाखवा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात एका कलमाने माहिती अधिकार कायद्यातला वैयक्तिक माहितीविषयीचा अपवाद नव्याने लिहिला गेला. म्हणजे एका विषयाच्या विधेयकाच्या शेवटच्या पानांत दुसराच कायदा बदलू शकतो. विधेयक नावावरून ओळखू नये, हे मुलांच्या चांगलं लक्षात राहतं.

अभिरूप संसदेचं म्हणाल तर आरडाओरडा का होतो याचं कारण मला स्पष्ट दिसतं. आपण मुलांना पंतप्रधान, विरोधी पक्षनेता, सभापती अशा भूमिका देतो आणि टीव्हीवर पाहिलेलं तेवढंच त्यांना येतं. भूमिका देण्याआधी त्यांना मसुदा द्या. आमच्याकडे एका वर्षी मैदानाच्या वापराचं विधेयक केलं होतं, पाच खंडांचं (विधेयकातल्या कलमाला खंड म्हणतात). दुसरा खंड होता: 'मधल्या सुट्टीत मैदान सर्व विद्यार्थ्यांसाठी खुले राहील.' यात वाद घालण्यासारखं काय आहे, असं सगळ्यांना वाटलं. सभागृह भरवण्याआधी समिती बसवली आणि समितीने साक्षीला शिपाईकाकांना, खेळाच्या सरांना आणि खो-खोच्या मुलींना बोलावलं. मुलींची कर्णधार म्हणाली, "खुलं तर आत्ताही असतं. पण आम्ही डबा खाऊन येईपर्यंत मुलांनी स्टंप रोवलेले असतात. मग आम्ही कडेने फिरतो." समिती एकदम शांत झाली. नंतर बराच वेळ त्यांनी एका शब्दावर घालवला: मुलींसाठी जागा 'राखीव' म्हणायची की दिवस 'वाटून' द्यायचे? शेवटी आठवड्यातले दोन दिवस मैदानाचा पूर्वेकडचा अर्धा भाग खो-खोसाठी, अशी दुरुस्ती निघाली. शिपाईकाकांच्या साक्षीवरून घंटा झाल्यावर साहित्य कोणी आवरायचं, हा नवा खंडही आला. आधीच्या मसुद्यात ते कोणाच्याच डोक्यात नव्हतं.

त्यानंतर सभागृह भरवलं तर ओरडण्यापेक्षा बोलायला मुलांकडे काहीतरी होतं. दुसऱ्या वाचनातलं खंडवार मतदान खऱ्यासारखं घ्या: आधी दुसरा खंड, मग तिसरा, असं शेवटपर्यंत, आणि पहिला खंड, अधिनियमन सूत्र (संसद हा कायदा करत आहे, असं सांगणारं ठरावीक वाक्य) व दीर्घ शीर्षक (कायदा कशासाठी ते सांगणारं लांब नाव) सगळ्यात शेवटी. पहिल्या खंडात कायद्याचं नाव आणि लागू होण्याची तारीख असते, आणि आतला मजकूर ठरल्याशिवाय त्यावर शिक्का कसा मारायचा, हे मुलांनाच सुचतं. अध्यक्षाने "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे" असं विचारायचं आणि आवाजावरून निर्णय द्यायचा. आमच्या वर्गात दुरुस्तीवर 'नाही'चा आवाज मोठा आला. क्रिकेटवाल्यांचे घसे दणकट होते. एका मुलीने मतविभाजन मागितलं, हात मोजले, आणि 'होय' जिंकलं. आवाजी मतदानाला आक्षेप घेऊन मोजणी मागण्याचा हक्क प्रत्येक सदस्याला का हवा, यावर मला वेगळं व्याख्यान द्यावं लागलं नाही. तिसऱ्या वाचनात फक्त संपूर्ण विधेयक हवं की नको एवढंच बोलायचं, हा नियम तिथे कडकपणे पाळा, नाहीतर मुलं पुन्हा मैदान वाटायला बसतात.

घटनादुरुस्ती शिकवायला मात्र माहिती अधिकार उपयोगी नाही. तिथे महिला आरक्षण घ्या. 1996 पासून हे विधेयक वेगवेगळ्या सरकारांनी मांडलं आणि लोकसभा विसर्जित झाली की ते व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द, होत गेलं. 2008 मध्ये ते मुद्दाम राज्यसभेत मांडलं गेलं, कारण राज्यसभा कधी विसर्जित होत नाही आणि तिथे प्रलंबित असलेलं विधेयक टिकतं. 9 मार्च 2010 ला राज्यसभेने 186 विरुद्ध 1 मतांनी ते मंजूर केलं. आता वर्गाला विचारा: 2014 मध्ये लोकसभेची मुदत संपली तेव्हा या विधेयकाचं काय झालं? बहुतेक मुलं म्हणतात, टिकलं, राज्यसभेचं होतं म्हणून. ते व्यपगत झालं. राज्यसभेने मंजूर करून पाठवल्यावर ते लोकसभेपुढे प्रलंबित होतं, आणि लोकसभेबरोबर गेलं. मंजुरी मिळाली म्हणून ते असुरक्षित झालं, ही गोष्ट पचायला मुलांना वेळ द्या. शेवटी सप्टेंबर 2023 मध्ये नवं विधेयक आलं: लोकसभेत 454 विरुद्ध 2, राज्यसभेत 214 विरुद्ध 0. विशेष बहुमताचं गणित लोकसभेच्या आकड्यांवर करून घ्या. एकूण 543 जागांचं बहुमत 272, मतदान केलेल्या 456 चे दोन तृतीयांश 304, आणि दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या व्हायला हव्यात. गणिताच्या सरांना सोबत घेतलंत तर आणखी छान. आरक्षण प्रत्यक्षात येण्यासाठी त्या घटनादुरुस्तीतच जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना यांची अट घातली होती, हे सांगितलं की मुलांना 2002 चा तो कायदा आपोआप आठवतो.

बाकीचं भरभर उरका. धनविधेयकात, म्हणजे कर आणि सरकारी खर्चासारख्या विषयांच्या विधेयकात, राज्यसभेला 14 दिवस मिळतात आणि तिच्या शिफारशी लोकसभेवर बंधनकारक नसतात. एखादं विधेयक धनविधेयक आहे का, हे लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीवर मुलं पानभर लिहितात, पण विधेयकासाठी ती आजवर तीनदाच झाली: 1961 मध्ये हुंडा प्रतिबंध, 1978 मध्ये बँकिंग सेवा आयोग रद्द करण्यासाठी, 2002 मध्ये पोटा हा दहशतवादविरोधी कायदा. खासगी, म्हणजे मंत्री नसलेल्या, सदस्यांची विधेयकं अवघी चौदा मंजूर झाली, आणि 1970 नंतर एकही नाही. राष्ट्रपतींबाबत दोन उदाहरणं पुरतात. 2006 मध्ये डॉ. कलाम यांनी लाभाच्या पदाविषयीचं विधेयक परत पाठवलं, संसदेने तेच पुन्हा मंजूर केलं आणि त्यांना सही करावी लागली. त्याआधी ग्यानी झैलसिंग यांनी 1986 च्या टपाल विधेयकावर सही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही. घटनेत राष्ट्रपतींना मुदत घातलेली नाही, म्हणून हे शक्य झालं.

परीक्षेचा विचार तुम्हाला करावाच लागेल. 'कायदा निर्मितीची प्रक्रिया स्पष्ट करा' हा प्रश्न येणारच, त्याचं चौकटीतलं उत्तर एकदा लिहून घ्या. पण घटक चाचणी तुमच्या हातात असते. तिथे एखाद्या विधेयकाच्या पाच तारखा द्या आणि विचारा, यातल्या कोणत्या दोन तारखांच्या मध्ये मजकूर बदलला असण्याची शक्यता जास्त, आणि का. किंवा असं विचारा: दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेलं विधेयक लागू न होण्याची दोन कारणं सांगा. पाठांतर केलेला मुलगा इथे अडतो, दोन मसुदे वाचलेला लिहून जातो.

मला या घटकाला पाच तासिका लागतात: पार्श्वभूमी आणि 2002 चं कोडं एक, दोन मसुद्यांची तुलना एक, समिती एक, शाळेचं विधेयक एक, महिला आरक्षण आणि उरलेलं एक. अभ्यासक्रम मागे पडला असेल आणि दोनच तासिका हाताशी असतील, तर सभागृह सोडून द्या, मुलांना मजा येत असली तरी. दोन मसुद्यांची तुलना आणि साक्षीदार बोलावलेली समिती ठेवा. पानं निवडायला अडलात तर कळवा, मी वापरते ती तीन-चार पानं आणि त्यावरचे प्रश्न पाठवून देईन.